विम्याच्या अर्जातला सातवा प्रश्न

दाजींनी विम्याचे सगळे कागद छापून आणले होते. पानांना नंबर घातले होते, महत्त्वाच्या ओळींवर पिवळी रेघ ओढली होती आणि फारच महत्त्वाच्या ओळींवर गुलाबी. रविवारची दुपार होती. ताई टेबलाच्या टोकाला बसून चहात बिस्किट बुडवत होती आणि कागदांकडे मुद्दाम बघत नव्हती.

"एकूण चौतीस पानं आहेत," दाजी म्हणाले. "पण मुद्दा एकच. जहाज कंपनीने तिकिटाबरोबर जो विमा दिलाय, तो विमा नाही. ती समजूत आहे."

"कुणाची?" ताईने विचारलं.

"तुझी."

ताई माझी मोठी बहीण. दाजी तिचा नवरा. अकरा रात्रींच्या जहाजप्रवासाला ताई आणि मी अशा दोघीच निघणार होतो, कारण दाजींना तळ्यातल्या होडीतसुद्धा उलट्या होतात. स्वतः जायचं नसल्यामुळे त्यांच्याकडे वाचायला भरपूर वेळ होता. ताई एकोणतीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतेय. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलंय. बाजूच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाऊल ठेवून तिने लोकांना वळणं शिकवली. साठीला आली तशी ती म्हणाली, "आता मला कुणीतरी न्यावं. मी नुसती बसणार. आणि माझ्या पायाखाली ब्रेक नको."

"जहाजावर डॉक्टर असतो," दाजी सांगत होते, "पण त्याचं बिल वेगळं लागतं. भर समुद्रात काही झालं तर हेलिकॉप्टर मागवतात. त्या खर्चातला पाव हिस्साही हा तिकिटातला विमा देत नाही. आणि जुनं दुखणं निघालं तर मुळीच देत नाही. वेगळा विमा घेतला तर जुनं दुखणंसुद्धा धरतात. फक्त दोन अटी. पहिले पैसे भरल्यापासून चौदा दिवसांत घ्यायचा, आणि अर्जात तब्येतीचं सगळं खरं लिहायचं. आज नववा दिवस आहे."

"विमेवाल्यांचं मला सांगू नका हो," ताई म्हणाली. "एकदा शिकाऊ बाईने आपली गाडी दिव्याच्या खांबावर घातली, तेव्हा त्यांचा साहेब आला होता. मला विचारतो, खांब त्या वेळी जागेवरच होता का?"

"त्याला ते लिहावं लागतं."

"मी सांगितलं, नाही, आम्हाला बघून पुढे आला."

मी हसले. माझं हसणं एक क्षण उशिरा आलं, हे मला स्वतःलाच ऐकू आलं. दाजींनी कागद माझ्याकडे सरकवले. "तू सांग. तू विज्ञानवाली. घ्यायचा की नाही?"

"मला वाटतं, नको," मी म्हटलं. "तिकिटातला आहे तो पुरे."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"तू म्हणतेस हे?" दाजी म्हणाले. "थर्मामीटर दोनदा लावतेस तू. घराचं कुलूप लावून परत येऊन ओढून बघतेस."

"मोजपट्टीला काय झालंय आज?" ताई म्हणाली. लहानपणापासून ती मला मोजपट्टी म्हणते. "गप्पगप्प आहेस. जेवलीससुद्धा मोजून."

मी म्हटलं, कामाचा ताण आहे. मग उठून कपबशा विसळायला गेले. नळाखाली एकच कप मी तीनदा धुतला.

माझं मत विम्याबद्दल नव्हतंच. दाजींच्या बाराव्या पानावर, गुलाबी रेघेखाली, सातवा प्रश्न होता: गेल्या सहा महिन्यांत तुमच्या कोणत्याही तपासणीत काही वेगळं आढळलं आहे का, किंवा एखाद्या तपासणीचा निकाल यायचा आहे का? वेगळा विमा घेतला नाही, तर हा प्रश्न कुणी विचारणार नव्हतं. मला तेवढंच हवं होतं.

मी एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्तपेशींच्या विभागात काम करते. सव्वीस वर्षं झाली. नळी यंत्रात घालायची, यंत्र आकडे देतं. आकडा विचित्र आला तर काचेवर थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. निदान मी करत नाही. निदान डॉक्टर करतात. मी मोजते.

तिकिटाचे पैसे भरले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेले होते. ती जिना चढून आली आणि खुर्चीत बसून राहिली, चप्पलही न काढता. गेल्या काही महिन्यांत तिचं घड्याळ मनगटावर फिरायला लागलं होतं. मी म्हटलं, निघण्याआधी एकदा हिमोग्लोबिन बघू या. माझ्या पिशवीत सुई आणि नळ्या असतातच. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याउभ्या रक्त घेतलं. ताई दुसरीकडे तोंड करून दाजींना शिव्या देत होती, त्यांनी काहीच केलं नव्हतं तरी.

आमच्याकडे सगळेच असं करतात. कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाचा घरमालक. केसपेपर काढायचा, रांग लावायची, डॉक्टरांची सही आणायची, त्यापेक्षा कर्मचाऱ्याच्या मोफत तपासणीच्या खात्यात नळी घालून टाकतात. मीही सोमवारी दुपारी, काम कमी असताना, ताईचं रक्त माझ्या कर्मचारी क्रमांकावर लावलं. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असतात. यंत्राने सेहेचाळीस हजार दाखवल्या.

मला वाटलं यंत्र चुकलं. परत लावलं. सेहेचाळीस हजार दोनशे. मग मी काच रंगवली आणि बघितली. एकाच साच्यातून काढल्यासारख्या गोल, शांत पेशी, एकीशेजारी एक, आणि मधूनमधून फुटून पसरलेल्या पेशींचे डाग. हे चित्र मी इतरांच्या काचेवर शेकडो वेळा पाहिलंय. रक्ताच्या कर्करोगाचा हा एक संथ प्रकार असतो. इतका संथ, की पुष्कळांना वर्षानुवर्षं औषधही लागत नाही. काहींना मात्र लागतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "काय म्हणतंय माझं रक्त?"

"हिमोग्लोबिन ठीक आहे," मी म्हटलं.

ते खरं होतं. किंचित कमी होतं, पण ठीक होतं. तिने दुसरं काही विचारलं नाही, आणि लगेच जहाजावर पोहण्याच्या तलावाचं पाणी गोडं असतं की खारं, ते विचारलं.

मी ठरवलं होतं की प्रवास होऊन जाऊ दे. दीड महिन्याचा प्रश्न होता. दीड महिन्यात या आजारात सहसा काही बिघडत नाही. परत आल्यावर तिला घेऊन नीट डॉक्टरकडे जाईन, तेव्हाच कळल्यासारखं करेन. हे सगळं मी एका कागदावर लिहून काढलं असतं तर तर्कात कुठे चूक सापडली नसती. तरी माझं कशात लक्ष लागत नव्हतं. बसमधून एक थांबा आधी उतरत होते. मोजताना आकडा विसरत होते. सव्वीस वर्षांत मी आकडा विसरले नव्हते.

कागदांच्या त्या रविवारनंतर, सोमवारी, दाजींचा फोन आला. "मी सगळ्यांत चांगली कंपनी निवडून ठेवलीय. ताईला पटवलं. तुम्ही दोघी शुक्रवारच्या आत अर्ज भरा. तिचाही तूच भर, ती चष्मा न लावता काहीही टिचक्या मारते."

"दाजी, खरंच गरज आहे का?"

"तू नको म्हणतेस म्हणून मला आता जास्तच गरज वाटायला लागलीय," ते म्हणाले.

मंगळवारी आमच्या मोठ्या डॉक्टर रजेवरून परत आल्या. विभागप्रमुख त्याच. कोणतीही फार वाढलेली संख्या संगणक त्यांच्या यादीत आपोआप टाकतो, हे मला माहीत होतं. त्या परत येईपर्यंत काहीतरी सुचेल, असं मी मनाशी म्हणत राहिले होते. अकरा वाजता त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्यासाठी दार लावलं नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या. काच त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली होती. "तू पाहिलीस ना ही? तूच रंगवलीयस."

"हो मॅडम."

"मग तुला वेगळं सांगायला नकोच." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "घाबरू नकोस. तुला माहितीय की यातले बरेच लोक स्वतःच्या म्हातारपणाने जातात. आपण पुढच्या तपासण्या उद्याच करू. रजा हवी असेल तर घे. घरी सांगितलंस?"

मी बोलले नाही. अर्धं मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटात मला जे वाटलं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला हलकं वाटलं. आजार माझाच असता तर मला सगळं सोपं होतं. कुणाला सांगायचं, काय करायचं, विम्यात काय लिहायचं, सगळं मी पाच मिनिटांत ठरवलं असतं.

"मॅडम, हे रक्त माझं नाही."

त्यांनी खुर्ची होती तिथे मागे सरकवली. "कुणाचं?"

"माझ्या बहिणीचं."

"तिला माहितीय?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"आठ."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्या दोन चुका आहेत," त्या म्हणाल्या. "एकीसाठी मी तुला मेमो देऊ शकते. तो देणारच आहे, आणि नोंद माझ्या सहीने रद्द करणार आहे. दुसरीसाठी आमच्याकडे कागद नाही."

मी बाहेर आले. माझ्या बाकावर बसले आणि मला दिसलं की हे आणखी वाईट झालंय. इतके दिवस आजार चुकीच्या नावावर का होईना, पण कुठेतरी लिहिलेला होता. आता नोंद रद्द झाली की तो कुठेच नसणार. ताईच्या नावावर एकही तपासणी नाही, एकही केसपेपर नाही. सातव्या प्रश्नासमोर 'नाही' लिहिलं, तर जगातला कुठलाच विमेवाला ते खोटं ठरवू शकणार नव्हता. घरी जाऊन मी संगणकावर ताईचा अर्ज उघडला. नाव, जन्मतारीख, उंची. सहा प्रश्न भरले. सातव्याला 'नाही'वर टिचकी मारली. चौकोनात बरोबरची खूण उमटली. किती सुबक होती. मी ती काढली. परत मारली. परत काढली. मग संगणक तसाच ठेवून मी घरातली सगळी कपाटं पुसायला काढली.

पुसताना माझ्या डोक्यात तर्काची तीच साखळी फिरत होती, आणि पहिल्यांदाच मला तिच्यातली फट दिसली. मी दीड महिन्यात काय बिघडेल एवढंच मोजलं होतं. हा दीड महिना कुणाचा आहे, ते मी मोजलंच नव्हतं.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि ताईच्या सरावाच्या मैदानावर गेले. गावाबाहेर जुन्या गोदामामागे मोकळी जागा आहे, तिथे ती लाल प्लास्टिकचे शंकू मांडून लोकांना गाडी लावायला शिकवते. एक शिकवणी संपली होती, दुसरी यायची होती. ती गाडीत बाजूच्या सीटवर बसून सफरचंद खात होती. मी ड्रायव्हरच्या जागी बसले, कारण तीच जागा रिकामी होती.

"वा! शेवटी शिकायला आलीस," ती म्हणाली. "आरसा नीट कर आधी."

"ताई, मला काही सांगायचंय. तुझ्या रक्ताबद्दल."

मी सगळं सांगितलं. आकडा, काच, पेशी, आजाराचं नाव. संथ असतो हे सांगितलं. कितीकांना उपचार लागत नाहीत ते सांगितलं. मी दम न घेता बोलत राहिले, कारण थांबले की ती बोलणार होती.

ताईने सफरचंदाचा चावलेला तुकडा गिळला. "हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणालीस."

"ठीकच आहे."

"आणि बाकीचं मी विचारलं नाही."

मी आरसा नीट करायला लागले.

"मरणारे का मी?"

"लगेच नाही. कदाचित या आजाराने नाहीच."

"कदाचित," ताई म्हणाली. "तुझ्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकतेय." तिने सफरचंद रुमालात गुंडाळून दाराच्या कप्प्यात ठेवलं. "कधी कळलं तुला?"

"गेल्याच्या गेल्या... म्हणजे, मागच्या सोमवारी."

"नऊ दिवस."

"मला वाटलं, तुझा प्रवास तरी—"

"त्या नऊ दिवसांत मी तुला विचारलं, निळा ड्रेस घेऊ की पांढरा. तू म्हणालीस पांढरा. माझ्याकडे बघून म्हणालीस." तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "काय बघत होतीस गं तेव्हा? ड्रेस, की पेशी?"

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बेकरीवाले गृहस्थ शिकवणीला आले होते. पन्नाशीचे, घाबरट, हातात ताईसाठी पावाची पिशवी. मी उतरायला लागले.

"मागे बस," ताई म्हणाली.

"मी नंतर येते."

"मागे बस म्हटलं ना."

पाऊण तास मी मागच्या सीटवर बसले. बेकरीवाले प्रत्येक कबुतरासाठी ब्रेक मारत होते. ताई नेहमीच्याच आवाजात सांगत होती, क्लच हळू सोडा, तो तुमचा पाव नाही दाबून बघायला. पुढे बघा, मी कुठे पळून जात नाहीये. आरसा, आरसा, आरसा. ते हसत होते. मला तिच्या मानेचा मागचा भाग आणि एक कान दिसत होता. तिचा पाय जादा ब्रेकवर आहे की नाही, ते मला दिसत नव्हतं. एका वळणावर तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि आरसा बेकरीवाल्यांकडे वळवून दिला.

ते गेल्यावर ती म्हणाली, "तो सातवा प्रश्न वाच."

मी फोनवर काढून वाचला.

"याचं उत्तर काय?"

"हो."

"मग 'हो' लिही."

"लिहिलं की ते नकार देऊ शकतात. नाही तर जास्त पैसे मागतील. ताई, एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तुझ्या नावावर कुठेच नोंद नाहीये. 'नाही' लिहिलं तरी कुणाला कधीच—"

"मला कळलंय ना आता?" ती म्हणाली. "झालं तर. आण इकडे, माझ्या टिचक्या मीच मारते."

तिने चष्मा लावून टिचकी मारली. पडद्यावर ओळ आली: कृपया आमच्याशी फोनवर बोला. तिने तिथूनच फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन दोन सीटच्या मधे ठेवला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून बरीच थकलेली.

"मॅडम, तुम्ही लिहिलंय की तपासणीत काही वेगळं आढळलं. निदान कुणी केलं?"

"माझ्या बहिणीने."

"त्या डॉक्टर आहेत का?"

"नाही. ती मोजते."

"सॉरी मॅडम?"

"प्रयोगशाळेत आहे."

"रिपोर्ट आहे का तुमच्याकडे?"

"रिपोर्ट तिच्या नावावर होता. तो रद्द झाला."

पलीकडे थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज आला. "मॅडम, असं कसं घेणार आम्ही? तुमच्या नावाची तपासणी हवी, डॉक्टरांचं पत्र हवं, आजार काय आहे आणि प्रवासाला हरकत नाही असं. आणि तुमची मुदत परवा संपतेय."

"परवा किती वाजता?"

"ऑफिस बंद होईपर्यंत. सहा."

"मग पाच वाजता मिळेल तुम्हाला," ताई म्हणाली. "आणि पोरी, पाणी पी. घसा बसलाय तुझा."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "उद्या सकाळी सात वाजता ये. मी नावनोंदणी करून ठेवते, रांग लागणार नाही. मोठ्या डॉक्टर पत्र—"

"तुझ्याकडे नाही."

"ताई, दुसरीकडे वेळ लागेल."

"दुसऱ्या इस्पितळातल्या रक्तवाल्या डॉक्टरला गाडी मी शिकवलीय. अजून मागे घेता येत नाही त्याला, ते त्याच्या बायकोला माहीत नाही. तो वेळ काढेल." ती उतरून शंकू गोळा करायला लागली, एकात एक अडकवून. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "राहू दे. आणि ह्यांना मी सांगेन. तू कुणाला काही सांगायचं नाहीस. तुला ते जमतं."

गुरुवारी मी कामावर गेले. सकाळपासून जांभळ्या टोपणाच्या दोनशे चौदा नळ्या आल्या. प्रत्येक नळीवरचं नाव मी वाचलं. ताईचं त्यात नसणार हे माहीत असून वाचलं. नऊ वाजता तिचं रक्त घेतलं गेलं असेल. दहापर्यंत यंत्राने आकडा दिला असेल. अकरापर्यंत काच वाळली असेल. आमच्या विभागाच्या खिडकीबाहेर लोक रिपोर्टसाठी बाकावर बसतात. इतकी वर्षं मला त्यांची पावलं, खोकणं, उगीच उठून 'झालं का' विचारणं, याचा वैताग यायचा. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेतला आणि त्या बाकावर जाऊन बसले. डबा उघडला नाही. शेजारच्या बाईने मला विचारलं, "तुम्हाला किती वाजता बोलावलंय?" मी म्हटलं, "मला नाही बोलावलेलं."

दुपारी मेमो मिळाला. मी सही केली. संध्याकाळपर्यंत ताईचा फोन आला नाही. मी दोनदा नंबर काढला आणि दोनदा ठेवून दिला. दाजींचा आला. ते नेहमीसारखे मुद्द्यावर आले नाहीत. "जेवलीस का?" म्हणाले. मी हो म्हटलं. "बरं," म्हणाले, आणि थोडं थांबून, "मला सांगितलंय तिने. काय सांगितलंय ते तुला सांगायचं नाही म्हणालीय." मग म्हणाले, "मी ती चौतीस पानं फेकून देणार नाहीये. परत एकदा वाचतोय." मी काही विचारण्याआधीच त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी सव्वापाच वाजता माझ्या मोबाईलवर विमा कंपनीचं पत्र आलं. अर्ज मी उघडले होते, त्यामुळे दोघींसाठी ईमेलचा पत्ता माझाच पडला होता. 'अभिनंदन, आपला प्रवास आता सुरक्षित आहे.' खाली दोन जोडपत्रं होती, माझ्या नावाचं एक आणि ताईच्या नावाचं एक. ती कशी दिसतात ते मला माहीत होतं. दाजींच्या विसाव्या पानावर नमुना होता. दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक चौकट असते: जाहीर केलेली दुखणी. त्यात डॉक्टरांनी लिहिलेलं नाव, कधीपासून, कोणत्या टप्प्यावर, सगळं असतं. टप्पा कळला की बाकीचं मला सांगावं लागत नाही.

मी माझं जोडपत्र उघडलं. माझी दुखणी: काही नाही. बंद केलं. अंगठा दुसऱ्यावर होता. मी फोन टेबलावर पालथा ठेवला, उठले, हात धुतले, परत आले, आणि ताईला फोन लावला.

"विमा मिळाला," मी म्हटलं. "तुझंही पत्र माझ्याकडेच आलंय."

पलीकडे गाडीच्या इंडिकेटरची टकटक ऐकू येत होती. ती कुठेतरी कडेला थांबली असावी.

"उघडलंस?"

"नाही."

टकटक चालू राहिली. "खरं बोलतेस की नाही, मला कळायला मार्ग नाही," ताई म्हणाली. "आधी मला वाटायचं, मला कळतं."

म्हणण्यासारखं काही असतं तर मी त्या नऊ दिवसांतच म्हटलं असतं.

"मला पाठव, आणि तुझ्याकडचं पुसून टाक," ती म्हणाली. "आता. मी आहे फोनवर."

मी पाठवलं. पुसलं. तिच्याकडे पत्र पोचल्याचा टुणकन आवाज आला.

"पुसलं," मी म्हटलं. "पण पुसलेलं पत्र तीस दिवस कचऱ्याच्या पेटीत राहतं. केव्हाही काढून वाचता येतं. थांब. हं. तिथूनही काढलं."

"मला काय माहीत असणार ती पेटी?"

"नसणारच. म्हणून सांगितलं."

इंडिकेटरची टकटक चालूच होती. मी किती सेकंद झाले ते मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं. मग तिने इंडिकेटर बंद केला.

"जहाजवाल्यांचा फॉर्म आलाय," ती म्हणाली. "जेवणाच्या दोन पाळ्या असतात, साडेसहाची आणि साडेआठची. दोघींची एकच लिहावी लागते. कुठली लिहू?"

"तुला कुठली हवी?"

"मी तुला विचारतेय."

"साडेआठची," मी म्हटलं. "अंधार पडेपर्यंत वर बसता येईल."

"मला साडेसहाला भूक लागते."

"मग साडेसहाची लिही."

"नको. साडेआठची लिहिते," ताई म्हणाली. "आणि भूक लागली की सांगेन तुला."